मताधिकाराचा विस्तार आणि नियोजनाधिकाराचे स्थलांतर : लोणावळा व मावळ

स्थानिक स्वराज्याचा इतिहास बहुधा मताधिकाराच्या विस्ताराचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १८५० च्या २६ व्या कायद्याने नगरवासीयांच्या अर्जावरून नगरपालिका स्थापन करण्याची मुभा दिली. १८७३ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमाने त्यांना एक ठराविक साचा दिला. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ मध्ये निवडून आलेल्या सभासदांना स्थान मिळाले. १९१९ च्या सुधारणांनी हे खाते लोकनियुक्त मंत्र्याकडे सोपविले. आणि स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला. ही मालिका सत्य आहे. परंतु तिच्या शेजारून दुसरी एक मालिका चालत आलेली आहे व तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. गावात कोणत्या जागी कोणी घर बांधावे, रस्ता कोठून जावा, डोंगराचा कोणता भाग मोकळा राहावा, हे ठरविण्याचा अधिकार त्याच काळात कोणाच्या हाती होता, हा प्रश्न विचारला असता निराळे चित्र दिसू लागते. मत देणारांची संख्या जसजशी वाढत गेली, तसतसा हा अधिकार मत मागणारांच्या हातून निसटत वरच्या पायऱ्यांकडे सरकत गेला.

या विधानाची परीक्षा करावयास पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका विशेष सोयीचा आहे. तालुका लहान, डोंगराळ व अतिवृष्टीचा. पण त्यात राज्यातील जुन्या नगरपालिकांपैकी दोन आहेत. तळेगाव दाभाडे येथील नगरपालिका १८६६ ची व लोणावळ्याची १८७७ ची. एक सरदार घराण्याच्या आश्रयाने वाढलेले जुने गाव, तर दुसरे रेल्वेने जन्मास घातलेले नवे शहर. या दोहोंच्या भोवती शे-दीडशेहून अधिक खेडी पसरलेली आहेत. घरबांधणीची व नियोजनाची धोरणे स्थानिक निवडणुकीत कशी उतरतात अथवा उतरत नाहीत, हे या तीन प्रकारच्या वस्त्यांत तीन निरनिराळ्या प्रकारे पाहावयास मिळते.

लोणावळ्याच्या जन्मापासूनच आरंभ करणे युक्त होय. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तेव्हा घाटमाथ्यावरचे नाव घेण्याजोगे ठिकाण खंडाळा हे होते. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा १८५८ मध्ये पुण्यापासून खंडाळ्यापर्यंत आला आणि मधला घाट ओलांडण्याचे काम १८५६ पासून १८६३ पर्यंत चालले. १८६१ च्या सुमारास या कामावर बेचाळीस हजारांवर मजूर होते. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटाचा मार्ग खुला झाला. इंजिने बदलण्यासाठी, दुरुस्तीसाठी व कामगारांच्या राहण्यासाठी सपाटीची व पाण्याची जागा हवी होती. ती लोणावळ्यास सापडली. इंजिनांच्या पाण्यासाठी भुशीचे धरण झाले, कारखाना झाला, युरोपीय व अँग्लो-इंडियन नोकरांसाठी घरे झाली, देशी कामगारांसाठी चाळी झाल्या. या शहराचा पहिला आराखडा कोणा नगरपालिकेने काढलेला नाही. तो रेल्वे कंपनीच्या अभियंत्यांनी काढला. रुळाच्या एका अंगास कंपनीची आखीव वसाहत व दुसऱ्या अंगास बाजार व गावठाण, ही विभागणी कोणत्याही सभेत मंजूर झालेली नव्हती; तरीही पुढील शंभर वर्षांचे लोणावळे तिच्यावरच उभे राहिले.

अशा ठिकाणी १८७७ मध्ये नगरपालिका आली. १८७३ च्या अधिनियमाखालील लहान नगरपालिकांचा कारभार जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली व प्रामुख्याने सरकारनियुक्त सभासदांकरवी चाले. कामेही मर्यादित होती : सफाई, दिवे, बाजार, रस्ते. १८८४ नंतर निवडणूक आली तरी मताधिकार कर, मालमत्ता, पदवी अथवा पद यांना बांधलेला होता. ज्याचे घर आहे, ज्याच्या घरावर पट्टी आहे, तोच नागरिक. रेल्वेच्या चाळीत राहणारा खलाशी वा बाजारातील हमाल हा केवळ रहिवासी. म्हणजे त्या काळी मतदार व घरमालक हे जवळजवळ एकाच वर्गाचे होते. हा संकुचितपणा समर्थनीय नाही. परंतु त्याचा एक परिणाम नोंदविण्याजोगा आहे. ज्यांच्या घरांसंबंधी निर्णय व्हावयाचे, त्यांचाच मतपेटीवर अधिकार असल्यामुळे घरे व निवडणूक यांच्यात दुरावा नव्हता.

शिवाय बांधकामाची परवानगी देण्याचा अधिकारही नगरपालिकेपाशीच होता. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमानुसार नवे घर बांधणाराने नगरपालिकेस आगाऊ सूचना द्यावयाची व तिने परवानगी द्यावयाची, बदल सुचवावयाचे वा नकार द्यावयाचा, अशी व्यवस्था होती. ही व्यवस्था पक्षपातास मोकळीक देणारी होती यात शंका नाही. शेजाऱ्याच्या खिडकीवरून, गटाराच्या उतारावरून, ओट्याच्या रुंदीवरून उठणारी भांडणे थेट सभासदांच्या दारी जात. पण भांडण कोणाकडे न्यावयाचे हे निदान सर्वांस ठाऊक होते.

नगरपालिकेच्या हद्दीबाहेर मात्र या काळातही वेगळाच न्याय होता. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली आणि लोणावळा, वळवण व शिरोता येथील तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहात पडू लागले. त्यासाठी लागलेली खोरी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेण्यात आली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, आणि ज्या कुणब्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली त्यांना मत तर नव्हतेच, पण ज्या संस्थेत मत द्यावे अशी संस्थाही नव्हती. दक्षिणेकडील मुळशी खोऱ्यात याच उद्योगसमूहाच्या दुसऱ्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो सर्वश्रुत आहे. येथे त्याचा एकच पैलू लक्षात घ्यावयाचा. जमिनीचे कागदोपत्री मालक असलेले अनेक सावकार पुण्यात राहत होते व मोबदल्याच्या वाटाघाटींत त्यांचे हित कसणाऱ्या कुळांच्या हिताहून वेगळे ठरले. मालक एकीकडे व रहिवासी दुसरीकडे, हा जो दुभंग मुळशीत प्रथम स्पष्ट झाला, तोच पुढे निराळ्या रूपाने लोणावळ्याच्या नागरी राजकारणाचा कणा झाला.

कारण मधल्या काळात लोणावळ्याचे स्वरूप पालटत होते. १९२९-३० च्या सुमारास घाटमार्गाचे विद्युतीकरण झाले व वाफेच्या इंजिनांवर उभे असलेले रेल्वेचे शहर हळूहळू हवा खाण्याचे शहर बनले. मुंबईच्या पारशी, गुजराती व मराठी धनिकांचे बंगले खंडाळ्यापासून वळवणपर्यंत पसरले. स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम १९२४ चे. नौदलाची शिवाजी ही संस्था १९४५ ची. आरोग्य, विश्रांती व शिक्षण यांसाठी येणारा मनुष्य जागेचा धनी झाला, पण शहराचा रहिवासी झाला नाही.

येथपर्यंतची परिस्थिती प्रौढ मताधिकाराने एका झटक्यात उलटी केली. या उलथापालथीची गुरुकिल्ली नगरपालिका कायद्यात नाही. ती १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या विसाव्या कलमात आहे. मतदारयादीत नाव येण्यास मनुष्य त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ असला पाहिजे, असे एकोणिसावे कलम सांगते. आणि केवळ तेथे त्याच्या मालकीचे वा ताब्यातील राहते घर आहे एवढ्याच कारणावरून तो तेथील रहिवासी समजला जाणार नाही, असे विसावे कलम बजावते. एका मनुष्याचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत नोंदविता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. नगरपालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होत असल्याने हा नियम लोणावळ्यास तंतोतंत लागू पडतो. बंगल्याचा मालक मलबार हिलवर मत देतो. त्याच बंगल्याच्या आवारात राहणारा माळी अथवा रखवालदार लोणावळ्यात मत देतो. पूर्वी घर हाच मताचा आधार होता. आता घर असूनही मत नाही व मत असूनही घर नाही, अशी स्थिती आली.

भारतातील फार थोड्या नगरांना ही गोष्ट इतक्या तीव्रतेने जाणवली असेल. २००१ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या ५५ हजारांहून अधिक होती व २०११ मध्ये ती ५७ हजारांहून थोडी अधिक भरली. म्हणजे दहा वर्षांत वाढ जेमतेम दोन हजारांची. हेच दशक मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानंतरचे आहे. तो मार्ग २००२ मध्ये पूर्णत्वास गेला आणि मुंबईहून लोणावळा दोन तासांच्या टप्प्यात आले. बंगले, ‘सेकंड होम’च्या इमारती, हॉटेले यांची भर याच वर्षांत पडली. घरे वाढली, माणसे वाढली नाहीत. निवडणुकीच्या भाषेत सांगावयाचे तर शहराचा कर वाढला, मतदार वाढला नाही.

याचा नगराच्या राजकारणावर झालेला परिणाम साधा आहे. बाहेरचा मालक घरपट्टी भरतो, पण त्याची मते नसल्याने त्याच्या गाऱ्हाण्यास उमेदवारापाशी वजन नाही. ते वजन त्याला अन्य मार्गांनी, वकिलामार्फत वा मंत्रालयातून मिळवावे लागते, व बहुधा ते मिळतेही. उलट बाजारातला, गावठाणातला, रेल्वेहद्दीच्या कडेला वा डोंगरउतारावर झोपडी-चाळीत राहणारा मनुष्य मतदार आहे, पण त्याचे घर पुष्कळदा आराखड्याशी जुळत नाही. उमेदवार त्याच्याकडे जातो तेव्हा साहजिकच असलेल्या घरास धक्का लागू न देण्याचे वचन देतो. नवे घर कोठे व्हावे याची चर्चा त्या दारात होत नाही. येथील निवडणुकीत घरांचा प्रश्न अग्रभागी असूनही घरबांधणीचे धोरण कोठे आढळत नाही, याचे कारण हे आहे. सभासदांच्या अज्ञानावर अथवा लोभावर सगळा दोष ठेवणे हा सुशिक्षितांचा आवडता उपाय. पण तो इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. ज्याला मतदार जो प्रश्न विचारतो, त्याचेच उत्तर तो देतो.

आता दुसऱ्या मालिकेकडे वळावयाचे. नगररचनेचा पहिला भारतीय कायदा मुंबई इलाख्याचाच, १९१५ चा; परंतु तो विशिष्ट भूखंडांच्या योजनांपुरता होता. १९५४ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने प्रत्येक स्थानिक संस्थेने संपूर्ण हद्दीचा विकास आराखडा करावा असे ठरविले आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने, जो जानेवारी १९६७ पासून अंमलात आला, ही कल्पना पूर्णत्वास नेली. वरवर पाहता या कायद्याने नगरपालिकेस ‘नियोजन प्राधिकरण’ असे भारदस्त नाव देऊन तिचा मान वाढविला. आतील व्यवस्था पाहिली असता निराळे दिसते. आराखडा करण्याचा इरादा नगरपालिका जाहीर करते; प्रारूप तयार झाल्यावर ते प्रसिद्ध करते. हरकती व सूचना ऐकण्यासाठी जी नियोजन समिती बसते तीत लोकनियुक्त सभासद तीन, आणि नगररचना संचालकाने नेमावयाचे जाणकार चारांपर्यंत. पुढे एकतिसाव्या कलमान्वये अंतिम मंजुरी राज्य शासनाची, व तीही फेरफारांसह देण्याची मुभा शासनास आहे. मंजूर आराखड्यात नंतर किरकोळ बदल करावयाचा तरी सदतिसाव्या कलमाखाली पुन्हा शासनाकडेच जावे लागते. एकशे चौपन्नाव्या कलमाने शासन केव्हाही निदेश देऊ शकते.

यापेक्षाही अर्थपूर्ण तरतूद एकशे बावन्नाव्या कलमाची होय. नियोजन प्राधिकरणाची बांधकाम परवानगीची व अनधिकृत बांधकामाविरुद्ध कारवाईची कामे नगरपरिषदेच्या बाबतीत तिच्या मुख्याधिकाऱ्याने करावयाची, असे ते सांगते. मुख्याधिकारी हा शासनाने नेमलेला. १९०१ च्या कायद्यात जे भांडण सभासदांच्या दारी जात असे, ते १९६६ नंतर कायद्याने त्यांच्या दारातून उठले. मतदारास मात्र हे कोणी सांगितले नाही. तो आजही परवानगीसाठी नगरसेवकाकडेच जातो, व नगरसेवकही ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हणून आपल्या प्रतिष्ठेस उणेपणा आणीत नाही. परिणामी नगरसेवक हा निर्णय करणारा राहिला नसून रदबदली करणारा झाला.

आरक्षणांची कथा याहून करुण आहे. आराखड्यात शाळा, क्रीडांगण, गरिबांची घरे यांसाठी जागा राखून ठेवल्या जातात. पण त्या विकत घेण्यास लागणारा पैसा लहान नगरपरिषदेपाशी क्वचितच असतो. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही तर मालक एकशे सत्ताविसाव्या कलमाखाली नोटीस देऊ शकतो व ठराविक मुदतीत कारवाई न झाल्यास आरक्षण उडते. लोणावळ्यासारख्या ठिकाणी, जेथे जमिनीचा भाव मुंबईचा मनुष्य ठरवितो आणि खरेदीचा पैसा स्थानिक घरपट्टीतून उभा राहावयाचा, तेथे हा हिशोब जमणे अवघडच. गरिबांच्या घरांसाठीची जागा नकाशावर राहते, आणि गरीब डोंगरउतारावर राहतो.

एका बाबतीत लोणावळ्यास राज्यात अनन्यसाधारण स्थान लाभले आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभरासाठी एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. बृहन्मुंबई, औद्योगिक क्षेत्रे, गिरिस्थान नगरपरिषदा, केंद्राने घोषित केलेले पर्यावरण-संवेदनशील प्रदेश इत्यादी त्यातून वगळण्यात आले. वगळलेल्यांच्या या यादीत अन्य नगरपरिषदांचा उल्लेख प्रकाराने आहे. लोणावळा नगरपरिषदेचा मात्र नावाने आहे. याचा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. महाबळेश्वर-पाचगणीस २००१ मध्ये व माथेरानास २००३ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे कवच दिले. लोणावळ्यास ते मिळाले नाही. आणि सर्वसाधारण शहरांना जे वाढीव चटईक्षेत्र एकीकृत नियमावलीने दिले, तेही त्यास सरसकट मिळाले नाही. ना धड गिरिस्थान, ना धड शहर, अशा या मधल्या अवस्थेत बांधकामाच्या उंचीचा व चटईक्षेत्राचा प्रश्न येथील निवडणुकीत सतत डोकावत राहतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या डोंगरमाथ्यावर किती बांधावे, हा वस्तुतः भूगोलाचा प्रश्न. तो जाहीर सभेत ‘आमच्यावर अन्याय’ या स्वरूपात मांडला जातो, आणि तो स्वर अगदीच निराधार असतो असेही म्हणता येत नाही.

तळेगावची गोष्ट लोणावळ्याच्या शेजारी ठेवली म्हणजे मूळ विधान अधिक स्पष्ट होते. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल गाड्या सुरू झाल्या आणि तळेगाव हे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम करणारांचे राहण्याचे गाव झाले. पुढे औद्योगिक वसाहत खुद्द तळेगावाजवळच आली. येथेही इमारती उठल्या, परंतु त्या इमारतींत माणसे बारा महिने राहतात, मुलांना येथील शाळांत घालतात, व मतदारयादीत नाव नोंदवितात. २०११ मध्ये तळेगाव दाभाडेची लोकसंख्या ५६ हजारांहून अधिक होती, म्हणजे लोणावळ्याच्या बरोबरीस आलेली. या नव्या मतदाराचे घर कायदेशीर आहे. त्याची तक्रार पाण्याच्या दाबाची, अर्धवट रस्त्याची, बिल्डरने दाखविलेल्या पण न दिलेल्या मोकळ्या जागेची. त्यामुळे तळेगावात उमेदवारास आराखड्याची भाषा निदान बोलावी लागते. दोन शहरे, एकच तालुका, एकच कायदा, जवळजवळ समान लोकसंख्या. फरक एवढाच की एकीकडे नवे घर मत देते व दुसरीकडे देत नाही.

खेड्यांची स्थिती या दोहोंहून निराळी. ग्रामपंचायतीचा बांधकामावरील अधिकार परंपरेने गावठाणापुरता. गावठाणाबाहेर शेतजमिनीवर बांधावयाचे तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे बिगरशेती परवानगीचा मार्ग जिल्हाधिकाऱ्याकडे जातो. १९४८ च्या कूळकायद्याने बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्यास बंदी केली असल्याने शेतकऱ्याचा दाखला जवळ असणाऱ्या शहरी खरेदीदाराने ‘शेतघर’ नावाची एक सोयीची इमारत शोधून काढली. पवनेच्या काठी, कार्ला-भाजे परिसरात ती ठिकठिकाणी दृष्टीस पडते. दुसरीकडे खुद्द गावकऱ्यांची कुटुंबे वाढली, गावठाणे वाढली नाहीत, व शेतातच घरे झाली. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१ पूर्वीची अशी बांधकामे नियमित करण्याची सोय केली. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणण्यात आली. तारीख पुढे सरकते हे एकदा लोकांस कळले म्हणजे ती पुन्हा सरकेल अशी आशा हे ग्रामीण निवडणुकीतले एक भांडवलच होऊन बसते.

मावळच्या दक्षिणेस, मोसे खोऱ्यात, या प्रक्रियेचे टोक पाहावयास मिळाले. १९९६ च्या गिरिस्थान-विकास नियमांच्या आधारे लवासा हे शहर उभे राहिले आणि २००८ मध्ये शासनाने त्या कंपनीसच विशेष नियोजन प्राधिकरण केले. बांधणाराच परवानगी देणारा झाला, आणि त्या हद्दीतील ग्रामपंचायती निवडून येत असूनही आपल्याच शिवारातील इमारतींपुढे निरुत्तर झाल्या. २०१७ मध्ये हा दर्जा काढून घेण्यात आला. एकोणिसाव्या शतकातील रेल्वे कंपनीच्या वसाहतीशी या घटनेचे साम्य विचार करावयास लावणारे आहे. मात्र रेल्वेच्या काळी गावकऱ्यास मत नव्हते व लवासाच्या काळी ते होते.

नियोजनाचा अधिकार वर सरकला हे केवळ आक्रमण होते असे मात्र मानता येणार नाही. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूस उगम पावते, पवना याच तालुक्यात. दोन्ही नद्यांच्या पाण्यावर खालच्या अंगास लाखोंची वस्ती अवलंबून आहे. डोंगरमाथ्यावरील काही हजार मतदारांनी या पाणलोटाचे भवितव्य एकट्याने ठरवावे, असे कोणी गंभीरपणे म्हणणार नाही. तथापि वरून ठरविणे म्हणजे न विचारता ठरविणे असा अर्थ झाल्यावर काय होते, ते ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे दिसले. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडसाठी न्यावयाच्या बंद जलवाहिनीस विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला व एका स्त्रीसह तिघे मृत्युमुखी पडले. जलवाहिनी एका महानगरपालिकेच्या निवडून आलेल्या सभेने मंजूर केलेली. जमीन दुसऱ्या निवडून आलेल्या पंचायतींच्या शिवारातली. दोन्ही बाजूंस लोकशाही होती. त्या दोहोंना एकत्र बसविणारी सभा नव्हती.

अशी सभा असावी हे घटनेस १९९२ पासूनच अभिप्रेत आहे. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगररचना, भूमिवापर व इमारतींचे नियमन हे विषय बाराव्या अनुसूचीच्या अगदी आरंभी घातले, आणि २४३ झेडई या अनुच्छेदाने महानगर प्रदेशासाठी अशी नियोजन समिती सांगितली की जिचे किमान दोनतृतीयांश सभासद नगरपालिकांचे सभासद व पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून, लोकसंख्येच्या प्रमाणात, निवडावेत. महाराष्ट्राने यासंबंधीचा कायदा १९९९ मध्ये केला. परंतु पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले, त्याच्या अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री आले, संपूर्ण मावळ तालुका त्याच्या क्षेत्रात गेला, आणि दोन नगरपरिषदांच्या हद्दी वगळता खेड्यांच्या नियोजनाचे काम त्याच्याकडे आले. त्याचा प्रारूप विकास आराखडा २०२१ च्या जुलैअखेरीस प्रसिद्ध झाला; घटनेने सांगितलेल्या समितीची निवडणूक मात्र त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, म्हणजे आराखड्यानंतर झाली. क्रमच उलटा. शिवाय लोकसंख्येच्या प्रमाणाचा नियम असल्याने बहुसंख्य जागा पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महानगरपालिकांच्या वाट्यास गेल्या. लोणावळा-तळेगावसारख्या लहान नगरांचा आवाज त्यात क्षीणच राहणार होता.

त्यानंतर घडले ते आणखी विलक्षण. लोणावळ्याची मागील निवडणूक १४ डिसेंबर २०१६ रोजी झाली होती. नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडण्याची पद्धत त्या वेळी पुन्हा आणण्यात आली होती व ते पद भारतीय जनता पक्षाकडे गेले. थेट निवडणुकीचा एक गुण असा की संपूर्ण शहरास एकच प्रश्न विचारला जातो. प्रभागातील गल्लीपलीकडे पाहण्याची संधी मतदारास पाच वर्षांतून एकदा मिळते. पण या सभेची मुदत संपल्यावर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला, आणि राज्यातील इतर नगरपरिषदांप्रमाणे लोणावळ्यातही प्रशासक आला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोवर तीन वर्षांहून अधिक काळ नियोजन प्राधिकरण म्हणून काम पाहणाऱ्या संस्थेत निवडून आलेला एकही मनुष्य नव्हता. पुणे व पिंपरी-चिंचवड महानगरपालिकांच्या मुदती मार्च २०२२ मध्ये संपल्या. म्हणजे महानगर नियोजन समितीवर ज्यांनी नगरसेवक म्हणून निवडून यावयाचे, ते चार-पाच महिन्यांतच माजी नगरसेवक झाले. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या अंगास एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले व त्यानंतर परिसरातील अनधिकृत टपऱ्यांवर हातोडा पडला, तेव्हा कारवाईचा निर्णय व तिचे समर्थन, दोन्ही अधिकाऱ्यांनाच करावे लागले. सभागृह रिकामे होते.

२०२५ मध्ये राज्य शासनाने प्राधिकरणाचा तो प्रारूप आराखडाच रद्द केला. त्यावर हरकती नोंदविणारे मावळातील शेतकरी, आरक्षणाच्या धास्तीने घर थांबविलेली कुटुंबे, नव्या रस्त्याच्या आशेने जागा घेऊन बसलेले गुंतवणूकदार, हे सर्व एकाच दिवशी पूर्वस्थितीस आले. नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या तेव्हा लोणावळ्यातील मतदाराने पुन्हा नगराध्यक्ष व नगरसेवक निवडण्यासाठी मत दिले. शहराच्या वेशीपलीकडील गावांतील बांधकामास मात्र पुन्हा १९९७ मध्ये मंजूर झालेल्या पुणे प्रादेशिक योजनेचाच आधार उरला. त्या वेळी द्रुतगती मार्ग झालेला नव्हता, आणि २०२५ च्या मतदारांपैकी पुष्कळांचा जन्मही झालेला नव्हता.